ओकाऱ्या झेलणारी बादली

हो, मी बादलीच बोलतेय. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा चांगली लालभडक होते. तुरुंगात आले आणि महिन्याभरात माझी कडी तुटली. मग माझी रवानगी चार नंबर बराकीत झाली, ओकाऱ्या झेलायला. नशा सोडणाऱ्या कैद्यांना इथे ठेवतात. डॉक्टर गोळ्या देऊन जातात, पण पहिले पाच-सहा दिवस माणूस नुसता तडफडतो. पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. तेव्हा त्याच्या उशाशी मी असते, आणि शिंपी असतो.

शिंपी म्हणजे आमच्यातलाच एक कैदी, शिवणखात्यात गणवेश शिवतो. तोही माझ्यातच तोंड खुपसून बरा झालाय. अकरा महिने त्याने नशेला हात लावलेला नाही. नवा कोणी आला की त्याची पाठ चोळतो, घोट-घोट पाणी पाजतो आणि मला स्वतः घासतो. बाकीचे आधी खिदळले. "काय रे, नर्स झालास का?" पुढे तेच त्याच्या हाताखाली कामाला लागले.

अशातच ड्रायव्हर आला, ट्रक चालवणारा नवा कैदी. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवर डोकं आपटायला लागला.

"दादा, एकदाच. शेवटचं."

"शेवटचं म्हणत मी चार वर्षं काढली," शिंपी म्हणाला.

दुपारी बाकीचे कामावर गेले होते. शिंप्याने मला मोरीत नेलं, उपडं केलं आणि त्याचा हात थांबला. माझ्या बुडाला चिकटपट्टीने एक पुडी डकवलेली होती. ड्रायव्हरच्या कुणा दोस्ताचं काम. झडती घेणारे शिपाई माझ्या वासाला पण उभे राहत नाहीत, हे त्या लबाडाने बरोबर हेरलं होतं. मला मेलीला पत्ताच नाही!

शिंप्याने पुडी सोडवली. संडास दोन पावलांवर होता, पण पावलं काही उचलेनात. पुडी हळूहळू नाकाकडे जायला लागली. अरे टाक ना, टाक! पण बादलीचं कोण ऐकतंय? माझा जीव टांगणीला लागला होता.

एकदम त्याने हाक मारली, तीही ड्रायव्हरलाच. झालं, म्हटलं, आता दोघंही बुडाले.

ड्रायव्हर भिंत धरून आला. पुडीवरून त्याची नजर हलेना.

"ही तुझ्यासाठी आलीय," शिंपी म्हणाला. "पण मलाही हवीशी वाटतेय. एकट्याने टाकवत नाही. माझं मनगट धर."

"माझ्यावर भरवसा आहे तुझा?"

"नाही. पण इथे दुसरं कोण आहे?"

मग ड्रायव्हरने दोन्ही हातांनी ते मनगट पकडलं. दोघांनी मिळून पुडी संडासात रिकामी केली, वरून मला भरून पाणी ओतलं आणि ओल्या फरशीवर बसून ढसाढसा रडले.

ड्रायव्हर आता दोन वेळा जेवतो. शिंपी सोमवारी सुटतोय. काल ड्रायव्हरला हळूच म्हणाला, "बाहेर कोणाला हाक मारू रे?"

माझ्या बुडाला चीर गेलीय, मी काही बाहेर येणार नाही. तुम्ही मात्र बाहेरच आहात. तुमच्या गल्लीत एखादा नवा शिंपी दुकान थाटेल. त्याने भलत्या वेळी हाक मारली, तर हातातलं काम टाकून जा.