सोमवारचा नाश्ता

"आई, माझ्यासाठी नको करूस," गेर्मान दारातूनच म्हणाला.

कपितोलिनाने लक्ष दिलं नाही. सकाळीच बाजारातून आणलेलं ताजं पनीर तिने फडक्यात पिळून घेतलं होतं. त्यात अंडं, साखर, चिमूटभर मीठ आणि थोडा रवा घालून ती मळत होती. पिठाचा हात लावून तिने जाडसर टिक्क्या थापल्या आणि कढत लोण्यात सोडल्या.

"दुपारच्या गाडीने निघालास, आता पुढच्या उन्हाळ्यात दिसशील. सिर्निकी न खाता कसा जाशील? लहानपणी तर जीव टाकायचास."

गेर्मान खुर्ची ओढून बसला. बावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, दूर समुद्राकाठच्या शहरात संसार असलेला माणूस. त्याच्या बापाने तो वर्षाचा असतानाच दुसरं घर केलं होतं. कपितोलिना पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायची. पाळ्या दिवसाच्या, रात्रीच्या. पोराला सोमवारी निवासी बालवाडीत सोडायचं आणि शुक्रवारी आणायचं. गावात निम्म्या बायका तेच करत. सोमवारी मात्र ती अंधारात उठून सिर्निकी करायची, वर आंबट सायीचा गोळा घालायची.

"किती चवीने खायचास," ती उलथन्याने टिक्की परतत म्हणाली. "एकेक घास घोळवत. मला कामाला उशीर व्हायचा, पण म्हटलं खाऊ दे लेकराला."

गेर्मानने टेबलावरची रिकामी बशी जवळ ओढली.

"चवीने नाही गं," तो म्हणाला. "बशी रिकामी झाली की तू खुंटीवरून माझा कोट काढायचीस. म्हणून सावकाश खायचो."

उलथनं तिच्या हातात तसंच राहिलं.

"बोलला नाहीस कधी."

"काय बोलणार? चार वर्षांचा होतो."

"रडलाही नाहीस रे. बालवाडीतल्या बाई म्हणायच्या, तुमचा मुलगा शहाणा आहे."

"रडणाऱ्यांच्या आया उशिरा येतात, असं त्यांनीच सांगितलं होतं."

कढईतून जळका वास आला. तिने गॅस बंद केला.

"मी तरी काय करणार होते, गेरा?"

"मला कळतं आई. मी दोष नाही देत."

त्याने दोष दिला असता तर तिला उत्तर देता आलं असतं. वर्षानुवर्षं मनात घोळवलेली उत्तरं होती तिच्याकडे: पाळ्या, भाडं, आजारी म्हातारी आई. आता त्यांतलं एकही कोणाला नको होतं. तिने काळ्या पडलेल्या टिक्क्या ताटलीत काढल्या, ओट्याच्या कडेला सरकवल्या आणि कढई पुसून घेतली.

"मग तुला आवडतं काय?" तिने विचारलं.

तो विचारात पडला. बहुधा त्यालाही हे कोणी फारसं विचारत नसावं.

"अंडं," तो म्हणाला. "साधंच, तव्यावर फोडलेलं. बलक अख्खा."

तिने गॅस पुन्हा पेटवला आणि दोन अंडी घेतली. पहिलं नीट पडलं. दुसरं जरा जोरात आपटलं गेलं, आणि बलक फुटून कढईभर पसरला.

"चालेल," गेर्मान म्हणाला.