पुरावा

गोपालकृष्णाने गेलेल्या काकांच्या पत्र्याच्या डब्यातून पिवळा पडलेला कागद काढला, चष्मा पुसला आणि काकांचं पत्र म्हणून तो सरोजाकाकींना वाचून दाखवू लागला.

"सरोजाने एकटं राहू नये. पुतणे नेतील तिथं जावं."

त्याची बहीण वासुकी शेजारीच बसली होती. तिने कागदावर नजर टाकली आणि तिला शिसारी आली. उडदाचं पीठ, ताक, हिंग, हिरवी मिरची. डांगरपचडीची कृती! राजवाड्यामागच्या या गल्लीत मराठी बोलतात सगळे, पण शाळा तमिळ; देवनागरी वाचतं कोण? गोपालला तर एक अक्षर येत नव्हतं. वासुकीने हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या म्हणून तिला तेवढं येई.

काकी गेल्या महिन्यात पडल्या होत्या. त्यांना तिरुचीच्या वृद्धाश्रमात पाठवायचं गोपालने ठरवलं होतं. त्या हे घर सोडायला तयार नव्हत्या. आणि मेल्या गोपालने रचना कशी चोख केली होती! आधी मुद्दा: एकटं राहणं धोक्याचं. मग कारण: ते पडणं. मग काकी काय म्हणतील ते आपणच म्हणून त्यावर उत्तर: देवळं तिथंही आहेत. मग पुरावा. डोळ्यांत पाणी आणायचं तेवढं उरलं होतं, तेही त्याने आणलं. कॉलेजात वासुकी हेच शिकवायची. गेल्याच आठवड्यात, ऑफिसच्या कामासाठी म्हणून, त्याने तिच्याकडून सगळं नीट समजून घेतलं होतं.

एक वाक्य बोलायचं, बस्स. पण काकी इथे राहिल्या तर वेळीअवेळी धावायचं कोणी? तिनेच. वासुकीने पदराचा काठ चिमटीत धरला आणि ती गप्प राहिली. आता तिला स्वतःचीच किळस आली.

काकींनी हात पुढे केला. कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"हिंग कमी लिहिलाय मी," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या वर्षीचं अक्षर हे माझं. वडिलांनी शिकवलं होतं."

गोपालचा चेहरा उतरला. काकींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"वासुकी, तुला वाचता येतं ना गं?"

तिला होकारार्थी मान हलवावी लागली.

काकींनी कागदाची घडी करून कमरेला खोचली.

"त्याचं एकही पटलं नव्हतं मज. आता पटलं. पेटी काढ माझी."