प्रार्थनेची वही

"नाव विचारायचं नाही. आपणहून सांगितलं, तरी फोन ठेवला की विसरायचं."

ही फोनसेवा सुरू करणाऱ्या मोठ्या बाई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांचा हा आवाज ताईंच्या कानात रोज सकाळी पहिला फोन उचलण्याआधी वाजायचा. आणि आज समोर बसलेला पोलीस खात्याचा साहेब नावंच मागत होता.

साहेब तरुण होता. पायपुसण्यावर बूट नीट पुसून आत आलेला. पाणी विचारलं तर 'हो, चालेल' म्हणाला, प्यायला, ग्लास स्वतः उचलून बाजूला ठेवला.

"नावं नाहीतच हो आमच्याकडे," सचिव तिसऱ्यांदा म्हणाले. "कधीच नव्हती. लोक फोन करतात, मन मोकळं करतात, ठेवतात. आम्ही समोर चिठ्ठीवर दोन शब्द लिहितो आणि फोन संपला की ती फाडतो. ही बघा टोपली."

टोपलीत खरंच कपटे होते. साहेबाने ती वाकून पाहिली.

"झडतीचा कागद आहे माझ्याकडे," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "नव्या कायद्याखाली. तुम्ही मनावर घेऊ नका, काम असतं आमचं."

चष्म्याच्या दुकानावरची ही एक खोली. दोन टेबलं, दोन फोन, मध्ये पुठ्ठ्याचा पडदा. सकाळी नऊ ते दोन एका फोनवर ताई, दुसऱ्यावर धाकटी. धाकटीची चाळिशी केव्हाच उलटली होती, पण मोठ्या बाई होत्या तेव्हा तिला पडलेलं नाव तसंच राहिलं. ज्यांना रात्र निघता निघत नाही, ज्यांच्याशी घरात कुणी बोलत नाही, ज्यांना उद्या नको वाटतो, अशी माणसं इथे फोन करायची. फोनवर नंबर दिसायची सोय होती, ती मोठ्या बाईंनी मुद्दाम काढून टाकलेली.

दोन वर्षांपूर्वी कायदा आला तेव्हा सचिवांनी इथेच बैठक घेतली होती. कुणी कुणाला, कुठून, किती वाजता, किती वेळ फोन केला, हे सगळं आता सरकार तीन वर्षं साठवून ठेवणार.

"बोलणं कुणी ऐकत नाही," ते समजावत होते. "पाकिटावरचा पत्ता तेवढा वाचतात. आतलं पत्र नाही."

"मग पाकीट तरी कशाला वाचायचं?" धाकटीने विचारलं होतं.

"चोरांसाठी गं."

"म्हणजे आपण सगळेच आधी चोर. नंतर तपासून सोडणार."

सगळे हसले होते. पहिले काही महिने फोन कमी झाले. मग लोक विसरले, आणि फोन पुन्हा यायला लागले.

साहेबाने कपाट पाहिलं, सचिवांचा खण पाहिला. ताईंचा खण उघडला, तेव्हा त्यात जपमाळ, डोकेदुखीच्या गोळ्या आणि तपकिरी कव्हराची एक वही होती. ताईंनी अडवलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

साहेबाने मधलंच एक पान मोठ्याने वाचलं. "'बदकवाले आजोबा. ९:२०. मुलाशी बोलणं होऊ दे.' हे काय आहे?"

"प्रार्थना," ताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"रोज सकाळी इथे आले की आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसते. आदल्या दिवशी ज्यांचे फोन आले त्यांच्यासाठी मागते. नावं माहीत नसतात ना, म्हणून खुणेची नावं. ते आजोबा तळ्यावर बदकं बघायला जातात."

सचिव ताईंकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांत त्यांनी ही वही पाहिली नव्हती.

"आणि ही वेळ कशाला?" साहेब हसला. "देवाला वेळ लागते होय?"

"मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते बावीस वर्षं. प्रत्येक कॉलला वेळ घालावीच लागायची, नाही घातली तर मेमो. यंत्रं आली, आम्हाला घरी पाठवलं, पण हाताची सवय जात नाही. वेळ लिहिल्याशिवाय पुढचं अक्षर उमटत नाही."

साहेब हसत हसत पानं उलटत होता. एका पानावर त्याचं बोट थांबलं. ते त्याने मोठ्याने वाचलं नाही. दोनदा मनात वाचलं, वही मिटली आणि म्हणाला, "ही नेतो. पोचपावती देतो."

कुठलं पान ते ताईंना कळलं.

'मंगळवार. पायरीवाली. १०:१०. पाण्याचे कागद तिनेच बाहेर दिले. फार भीती वाटते. तिला झोप दे.'

पायरीवाली कुठल्याशा जिन्यावरून बोलायची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, चहाच्या सुट्टीत, कुजबुजत. कुणाची पावलं वाजली की एकदम मोठ्याने म्हणायची, "हो हो, येताना दूध घेऊन येते," आणि फोन ठेवायची. पहिले दोन महिने तिने फक्त झोप येत नाही एवढंच सांगितलं. मग हळूहळू सगळं आलं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. धरणाच्या पाण्यात काय सापडलं त्याचे कागद तिच्या वरिष्ठांच्या खणात चार महिने पडून होते, आणि खालच्या वस्तीतली मुलं आजारी पडत होती. तिने ते कागद वर्तमानपत्राला दिले. छापून आल्यावर आठ दिवसांत नळ बंद झाले, टँकर आले, पुढे नवी पाइपलाइन पडली. आणि कागद कुणी बाहेर दिले त्याचा शोध सुरू झाला.

"ताई, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" तिने त्या दिवशी विचारलं होतं.

"देवाशिवाय कुणाला नाही."

ती हसली होती. त्या जिन्यावरचं तिचं ते एकुलतं एक हसू. "देवाला चालेल," म्हणाली होती.

साहेब गेल्यावर धाकटी पडद्याआडून बाहेर आली. "ताई, पाकिटं त्यांच्याकडं होतीच. पत्र तुम्ही दिलंत." एवढं म्हणाली आणि तीच रडायला लागली. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

तिला सांगायचं कसं? नंबर नाही, नाव नाही, पत्ता नाही. शहरात प्रयोगशाळा एकच, पण तिथे जाऊन कुणाला शोधणार आणि काय विचारणार? नुसतं जाणंसुद्धा बोट दाखवण्यासारखं झालं असतं. उरला होता एकच रस्ता. उद्या मंगळवार होता.

दुसऱ्या दिवशी ताई पावणेनऊला आल्या. डोळे मिटून बसल्या, पण त्यांना नावं आठवेनात. एकच आठवत होतं.

"उचलू नका," धाकटी म्हणाली. ती आपलं टेबल सोडून ताईंजवळ स्टूल घेऊन बसली होती. "आज तिचा कॉल लागला की खात्रीच होईल त्यांची. मंगळवार, दहा-दहा, तीच वेळ."

"आणि नाही उचलला तर?"

"तिला कळेल, काहीतरी बिघडलंय. हुशार आहे ती. सावध होईल."

"घाबरेल."

"घाबरू दे ना ताई. घाबरलेली बरी."

दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

ताईंनी आयुष्यात कधी तिसरी घंटा होऊ दिली नव्हती. एक्स्चेंजमध्ये नाही, इथे नाही. हात आपसूक पुढे गेला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला. चौदा घंटा झाल्या. थांबला. धाकटीने श्वास सोडला, तेवढ्यात पुन्हा वाजला. या वेळी नऊ. दहावी मध्येच तुटली.

शुक्रवारी फोन आला नाही. त्या आधीच, गुरुवारी, वर्तमानपत्रात फोटो आला होता. बारीक चणीची, कानावर केस घेतलेली मुलगी, दोन पोलीसबायकांच्या मध्ये. तिशीची असेल. ताईंनी फोटो पाहिला आणि खाली छापलेलं नाव वाचण्याआधी पेपर घडी करून ठेवला.

त्या बातमीत वहीचाही उल्लेख होता. मग फोन येईनासे झाले. बदकवाले आजोबा बंद झाले. परीक्षेला घाबरणारी मुलगी बंद झाली. रोज गाऱ्हाणं घेऊन येणारी सुनेवर रागावलेली सासू, जिचा फोन आला की धाकटी 'आली आपली आकाशवाणी' म्हणायची, तीसुद्धा बंद झाली. सचिव एक दिवस फार अवघडून म्हणाले, "ताई, तुम्ही थोडे दिवस घरी थांबता का? तुमची चूक नाही हो. पण लोकांना वाटतं..."

"चूक माझीच आहे," ताई म्हणाल्या. "पण घरी बसून काय करू? बसू द्या इथे. वाजलाच कधी तर उचलेन."

दीड महिन्याने एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. दम खायला दारातच उभे राहिले. डाव्या कानात यंत्र होतं.

"ताई कोण तुमच्यातल्या?"

"मी."

"कोर्टाच्या कागदात वाचलं. वहीत माझ्या मुलीला पायरीवाली म्हटलंय. मी तिचा बाप."

ताई उभ्या राहिल्या. धाकटीने खुर्ची पुढे केली, पण ते लगेच बसले नाहीत.

"अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

ते बसले. बराच वेळ हातातली पिशवी नीट करत राहिले. "वकील म्हणतो, तुम्ही कोर्टात सांगा, ते तुम्ही मनानंच लिहिलं. ती तसं बोललीच नव्हती. वय झालं, काहीतरी ऐकलं, काहीतरी लिहिलं. तेवढ्यानं सुटेल म्हणतो."

खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवत होतं. ताईंना ते ऐकू येत होतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ते मी देवापुढं लिहिलं होतं. खोटं होतं असं मला म्हणता नाही येणार. माझ्यासाठी नसतं म्हटलं, तिच्यासाठीही... नाही येणार. मला शिव्या द्या."

"शिव्या कसल्या देऊ." त्यांनी मान हलवली. "तीच म्हणाली होती, विचारू नका बाबा, त्या नाही म्हणतील, आणि त्यांना उगाच त्रास होईल. बापाचं मन, म्हणून विचारलं."

"तिनं दुसरं काही सांगितलंय?"

त्यांनी धाकटीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"एकच विचारते. दर भेटीला. त्या मंगळवारी ताईंनी फोन का नाही उचलला."

ताईंनी समोरच्या फोनवर हात ठेवला.

"तिला आधीच कळलं होतं," ते म्हणाले. "सोमवारी संध्याकाळीच गेटवर कोण कोण उभे होते, तिनं पाहिलं होतं. मंगळवारी ती जिन्यात गेली तेव्हा ते खालून वर चढत होते. पळून कुठं जाणार? म्हणाली, वाटलं, ते येईपर्यंत दोन मिनिटं ताईंशी बोलावं. दोनदा लावला म्हणे."

धाकटीने तोंड फिरवलं.

"मी तिला काय सांगू?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "तिथं काचेपलीकडून बोलायचं असतं, तिथल्या फोनवर. हे यंत्र त्या फोनला लागलं की नुसती शिट्टी वाजते. ती बोलते, मी ओठांवरून कळेल तेवढं घेतो आणि मान हलवतो. आणि सगळं टेप होतं, तशी पाटीच लावलीय. मंगळवारी अकराला भेट असते."

"तुम्ही नका काही सांगू," ताई म्हणाल्या. "माझं मी सांगते. येत्या मंगळवारी येते."

"ताई, तिथं नाव द्यावं लागतं. पत्ता, फोटो, दहाही बोटांचे ठसे. तिच्या यादीत तुमचं नाव चढेल. मग तुमचाही फोन, तुमचंही येणंजाणं..."

"चढू दे, भाऊ. तुम्ही तिला निरोप द्या, येते म्हणून. शब्द दिलाय म्हणावं."

मंगळवारी सकाळी ताईंनी धाकटीला दोन्ही फोन सांभाळायला सांगितलं. "तिसऱ्या घंटेच्या आत उचल," एवढंच बजावलं. धाकटी कोपऱ्यापर्यंत सोडायला येते म्हणाली, तर नको म्हणाल्या.

बस अर्धी रिकामी होती. कंडक्टर आला. तिकडे जाणारी माणसं 'शेवटचा स्टॉप' एवढंच हळू आवाजात सांगून नजर चुकवतात, हे ताईंना माहीत नव्हतं.

"तुरुंगाचं एक द्या," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

पुढच्या बाकावरच्या दोघीतिघींनी वळून पाहिलं. कंडक्टरने काही न विचारता तिकीट दिलं. ताई खिडकीपाशी सरकून बसल्या, ओळखपत्र पिशवीच्या वरच्या कप्प्यात आहे ना ते एकदा चाचपलं, आणि बस सुटल्यावर ओठांतल्या ओठांत पहिलं वाक्य घोळवू लागल्या.

"मी तिथंच होते बाळ. फोनजवळच बसले होते."