पांढरा दोर

ही गोष्ट एकोणीसशे एकसष्ट सालची. त्या वर्षी पाऊस लांबला आणि टेकडीवर अळंबी अशी फुटली, की म्हाताऱ्या बायकासुद्धा म्हणाल्या, एवढी आम्ही जन्मात पाहिली नाही.

दोरवालीण रोज पहाटे टोपली घेऊन टेकडी चढायची. नवरा दोर वळायचा म्हणून तिला दोरवालीण म्हणत, पण निम्मं काम तिचंच होतं. ताग कापायचा, जुड्या बांधून तळ्यात दगडाखाली बुडवायच्या, नऊ दिवसांनी काढून साल सोलायची, आपटून धुऊन वाळवायची. तागाच्या धाग्यांचा तो वाख नवऱ्याच्या हाती गेला की अंगणाच्या एका टोकाला ती धागे अडकवलेला आकडा फिरवत बसायची आणि नवरा एकेक पाऊल मागे सरत पीळ घालायचा.

"उलटं चालून पोट भरणारा माणूस मी हा एकच पाहिला," असं दाजी म्हणत.

दाजी म्हणजे तिच्या नणंदेचे यजमान. विहिरी खोदायचे, जुन्या विहिरींचा गाळ काढायचे. दोन घरं सोडून राहायचे. कमरेला बांधायचा दोर कायम मेहुण्याच्याच हातचा. "बहिणीशी भांडलास की आधी मला सांगत जा बाबा," ते म्हणत, "त्या दिवशी मी विहिरीत उतरणार नाही."

वन्संचं माहेर हेच. त्यामुळे वाखातलं त्यांना सगळं कळायचं, आणि हातापेक्षा जीभ चलाख. दोरवालीण नवी नवरी असताना त्यांनी तिला सळो की पळो केलं होतं. "वहिनी, हा वाख आहे की मांजराची शेपटी?" एक दिवस तिने आकडा अंगणात भिरकावला आणि तडक माहेर गाठलं. तीन आठवड्यांनी नवरा तिला घेऊन आला, आणि त्याच दिवशी बहिणीला म्हणाला, "यापुढे हिच्या कामात खोड काढलीस तर हे दार तुला बंद."

वन्सं मानी होत्या. त्या दिवसापासून त्यांनी वहिनीच्या कामाविषयी चकार शब्द काढला नाही. हळूहळू दोघींचं जमलंही. एकीच्या घरी चूल पेटली की दुसरी निखारे न्यायला यायची आणि तासभर बसायची.

तर त्या वर्षीची अळंबी. ताग बुडवल्याच्या नवव्या दिवशी दोरवालिणीला तळ्यातल्या जुड्यांची आठवण झाली. पण टेकडीची पलीकडची उतरण अजून राहिली होती. उद्या काढू, असं म्हणत म्हणत तेरावा दिवस उजाडला. घरात अळंबीच्या वाळलेल्या माळा लटकत होत्या आणि तळ्यात ताग जास्त कुजला होता.

साल हात लावताच सुटली. वाख निघाला तो कापसासारखा पांढरा आणि मऊ. तिने एक बट दोन्ही हातांत धरून झटका दिला. तुटली. दुसरी टिकली. तिसरी पुन्हा तुटली.

नवऱ्याने मात्र तो वाळलेला वाख गालाला लावला. "काय वाख काढलास गं! दाजींचा नवा दोर यातूनच वळतो."

अकरा वर्षांच्या संसारात त्याने तिच्या वाखाचं केलेलं हे पहिलं कौतुक. तिने तुटलेल्या बटा पदराखाली घेतल्या.

उन्हाळ्यात एका जुन्या विहिरीचा गाळ काढायचं काम निघालं. त्या सकाळी दाजी त्यांच्याकडेच जेवले. तिने अळंबीची शेवटची माळ शिजवली होती.

"वहिनी, वाढा आणखी. खाली मला बेडूक थोडेच जेवायला बोलावणार आहेत?"

तिने तीनदा वाढलं. तेवढ्यात वन्सं आल्या, खुंटीवरचा नवा दोर काढून हातातून सरकवत वेटोळं करू लागल्या. मध्येच त्यांचा हात थांबला. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी पातेल्यात पाहत होती.

"पांढराशुभ्र आहे हो," वन्सं म्हणाल्या, आणि वेटोळं दाजींच्या खांद्यावर ठेवलं.

दुपारी दाजी वर येताना, काठ दोन हातांवर असताना, दोर तुटला. खाली गाळ होता म्हणून जीव वाचला. कमरेखालचं अंग मात्र गेलं ते गेलंच.

खाटेवर पडल्या पडल्या दाजी भेटायला येणाऱ्यांना सांगत, "दोराचा काय दोष? वहिनींनी तीनदा वाढलं, मी तीनदा चापलं. वजन झेपेना त्याला."

सगळे हसत. दोरवालीण उठून पाणी आणायला जाई.

नवरा हसला नाही. तुटलेलं टोक घेऊन तो दोन दिवस ओट्यावर बसून होता. "पीळ ढिला पडला माझा," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी आकडा माळ्यावर टाकून तो वीटभट्टीवर कामाला गेला.

तेव्हा तिने सांगितलं. सगळं सांगितलं, अळंबी, तेरा दिवस, तुटलेली बट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्यासाठी स्वतःवर घेऊ नकोस. तो वाख मी या हातांनी पाहिलाय. तसा आमच्या घरात कुणी काढला नव्हता."

 टेकडीवर ती परत कधी गेली नाही.

दाजी नऊ वर्षं खाटेवर जगले. टोपल्या विणत आणि शेवटपर्यंत सगळ्यांना हसवत. नवरा एकोणऐंशी साली गेला. तापात त्याची बोटं चादरीच्या टोकाला पीळ घालत होती. मग वन्सं दोन घरं अलीकडे आल्या आणि दोघी विधवा एका छपराखाली राहू लागल्या.

एकदा शेंगा सोलता सोलता दोरवालीण म्हणाली, "वन्सं, तो ताग मी चार दिवस जास्त ठेवला होता."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्या सकाळपासून. हाताला लागताच कळलं." वन्संनी एक शेंग सोलली, दाणे काढले. "म्हटलं, बोलले तर तुम्ही पुन्हा माहेरी जाल. दादा दार बंद करील. आणि एवढा सुंदर दिसतोय, एक उन्हाळा निघेल की."

 मग वन्संनी सुपात हात घातला. "वहिनी, किती किडके दाणे ठेवलेत! डोळे आहेत की बटणं?"

दोरवालिणीने सूप ओढून घेतलं आणि सगळे दाणे पुन्हा निवडले.

त्यानंतर वन्सं चौदा वर्षं जगल्या आणि एकही दिवस खोड काढल्यावाचून गेला नाही. टाका वाकडा, मीठ कमी, केर कोपऱ्यात तसाच. दोरवालीण प्रत्येक टाका उसवायची आणि पुन्हा घालायची. वन्सं गेल्यावर ती दोन वर्षं होती. तिच्या मागे पेटीत एक गोधडी सापडली, त्या दोन वर्षांत अर्धी शिवलेली. टाके वाकडे होते, ते उसवलेले नव्हते.