आडवा जोर

मालनबाईंनी सायकलचं नवं कोरं चाक दोन विटांवर आडवं ठेवलं, चपला काढल्या आणि चाकाच्या मधोमध पाय देऊन उभ्या राहिल्या. आधी काहीच झालं नाही. मग त्यांनी अंग जरासं हेलकावलं, तशा दोन तारा कट्कन निसटल्या आणि बघता बघता चाकाचा द्रोण झाला.

अंजली पाहत राहिली. बारामतीत तीन दुकानं पालथी घालून निवडलेल्या चार चाकांपैकी ते एक होतं.

“ह्ये बसवून तुमी वळणावर जाणार व्हता,” खाली उतरत मालनबाई म्हणाल्या.

इंदापूरच्या एसटी स्टँडमागे त्यांचं सायकलचं दुकान होतं. नवरा गेल्यावर लोकांनी ते विकायचा सल्ला दिला. त्यांनी नवऱ्याची हत्यारं धुऊनपुसून लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी फळ्या उघडल्या. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करावं तर मालनबाईंनीच, असं शेजारच्या गावांतही बोललं जाई. अंजली आली होती ती फक्त चाकांच्या तारा आवळून घ्यायला.

ती तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत होती. वर्गात बावीस मुलं, आणि शिकवणाऱ्यांत बाई एकटी तीच. चार महिने निमगाव केतकीला घरामागच्या शेडमध्ये ती एक बुटकी चारचाकी गाडी बांधत होती. पाइपची चौकट, पत्र्याचं लांबट नाक, एकाच माणसाची बैठक आणि मोपेडचं इंजिन. जानेवारीत बारामतीच्या एका तंत्रनिकेतनाच्या मैदानावर घरी बांधलेल्या गाड्यांची शर्यत होती. सत्त्याण्णव सालची ती तिथली पहिलीच शर्यत. एका जुन्या सहकाऱ्यानं चहा पिता पिता सुचवलं होतं, की मॅडमनी आपलं कानस घासणंच शिकवावं. त्याच संध्याकाळी जाऊन अंजलीनं नाव नोंदवलं होतं, आणि आता बावीसच्या बावीस मुलं ती शर्यत पाहायला येणार होती.

तिनं राग गिळून पर्समधली वही काढली. गाडीचं वजन, स्वतःचं वजन, प्रत्येक चाकावर येणारा भार, असं सगळं तिनं मालनबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आकडं बरूबर असतील,” त्या म्हणाल्या. “पन सायकल वळताना कलती. तुमची गाडी कलणार हाय का?”

“नाही. चार चाकं आहेत.”

“मंग वळताना समदा जोर आडवा येणार. ह्या तारा उभा भार पेलत्यात, आडवा न्हाय.”

अंजलीनं वहीकडं पाहिलं. पानभर बाण काढले होते आणि ते सगळे सरळ खाली जाणारे होते. बलाचे भाग कसे पाडायचे हे तिनं मागच्याच महिन्यात फळ्यावर शिकवलं होतं. तिनं पेन्सिल काढली, चाकाच्या टेकणीपाशी एक आडवा बाण ओढला आणि वही मिटली.

“मग कुठली चाकं घेऊ, मावशी?”

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं बारामतीच्या भंगारबाजारात गेल्या. लुना मोपेडची चाकं घ्यायची असं मालनबाईंनी ठरवलंच होतं. घेर लहान, तारा जाड, आणि मधला हब रुंद, म्हणून तारा दोन्ही बाजूंनी फाकून बसतात. उभं राहताना पाय फाकले की माणूस ढकलला जात नाही, तसंच ते, असं त्यांनी गाडीत बसल्या बसल्या समजावलं होतं. ढिगातलं एकेक चाक उचलून त्या रिमवर बोट फिरवत आणि बाजूला टाकत. चौदा चाकांतून त्यांनी चार निवडली. तारा मात्र सगळ्या नव्या घालायच्या होत्या.

परतताना अंजलीनं एक अडचण काढली. मोपेडचं चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं, इथं ते एकाच बाजूनं लटकणार. म्हणजे मूळचा आस वाकणार. मालनबाई विचारात पडल्या. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, तसं त्यांनी कबूलही केलं. अंजलीनं वर्कशॉपच्या लेथवर चार जाड आस कातले आणि हबमध्ये त्यांना बसतील अशी बेअरिंगं घातली. मालनबाईंनी एक आस हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिला.

“ह्ये मला जमलं नसतं,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या तिला मॅडमऐवजी अंजली म्हणू लागल्या.

रविवारी चाकं बांधायला घेतली. पहिल्या चाकात मालनबाईंनी तारा ओवल्या. एक आत, एक बाहेर, तिसरीला ओलांडून चौथी. मग चाक अंजलीच्या मांडीवर ठेवून त्यांनी आवळायला सांगितलं. दुसऱ्या चाकापासून ओवायलाही तिलाच बसवलं. हाताला सवय लागावी म्हणून, असं त्या म्हणाल्या. अंजलीनं दोनदा चुकीचं ओवलं, दोन्ही वेळा त्यांनी सगळं सोडायला लावलं. त्या शेजारी बसून नुसतं सांगत होत्या. चहाचा पेला त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला होता.

निमगावला शेडमध्ये अंजलीच्या वडिलांनी, श्रीपतींनी, गाडी दगडांवर उचलून ठेवली होती. चाकं चढली. मालनबाईंनी रिमपासून केसभर अंतरावर खडू धरला आणि अंजलीला चाक फिरवायला सांगितलं. चारही चाकं फिरली, खडूचा डाग कुठंच उमटला नाही. श्रीपतींनी गाडीच्या नाकावरची धूळ उपरण्यानं पुसून काढली.

शर्यतीला अकरा गाड्या होत्या, मैदानाला आठ फेऱ्या. पाच गाड्यांना सायकलची उंच, देखणी चाकं होती. दुसऱ्याच फेरीत लिंबाच्या झाडापाशीच्या वळणावर त्यांतली एक गाडी गुडघ्यात मोडल्यासारखी बसली. चौथीपर्यंत आणखी दोन बसल्या. अंजली त्यांना वळसा घालून गेली. आधी ती प्रत्येक वळणाला वेग सोडत होती. पाचव्या फेरीत तिनं सोडला नाही. गाडी बाहेरच्या बाजूला घसरत गेली, माती उडाली, कमरेखालून आडवा ओढा अगदी वहीतल्या बाणासारखा जाणवला आणि चाकांनी तो पेलला. मग तिला भीती अशी वाटलीच नाही. उरलेल्या फेऱ्यांत तिनं तीन गाड्या मागं टाकल्या. दुसरी आली.

मुलं धावत आली. त्यांच्यातून वाट काढत मालनबाई पुढं झाल्या आणि तिला उठवायला त्यांनी उजवा हात दिला. अंजलीनं तो धरून जोर दिला, तशी त्यांच्या तोंडावर कळ उमटली. त्यांनी हात सोडवून घेतला आणि डावा पुढं केला. अंजलीनं पाहिलं. उजव्या अंगठ्याचं मूळ सुजून गाठीसारखं झालं होतं आणि अंगठा तळव्याकडं वळत नव्हता. त्या रविवारी त्यांनी सगळी चाकं तिच्याकडून का आवळून घेतली, ते तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

मुलं गाडी ढकलत सावलीला नेत होती. त्यांच्याकडं पाहत ती म्हणाली, “मावशी, गुरुवारी वर्कशॉपला याल का? पोरांना चाक बांधायला शिकवायचंय. मला तुमच्यासारखं सांगता येत नाही.”

“मी चौथी शिकलेली हाय.”

“बांधतील पोरं. तुम्ही नुसतं शेजारी बसून सांगायचं. आमच्या प्राचार्यांना विचारून तुमचं नाव मी शिकवणाऱ्यांच्या रजिस्टरला लावते.”

मालनबाईंनी तिच्याकडं जरा वेळ निरखून पाहिलं. मग उजवा हात पदराखाली घेतला.

“चाकं मी घिऊन यिऊ,” त्यांनी विचारलं, “का तितं हायेत?”