बरकतीचा ढीग

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझ्या कळांच्या फटींत मिरचीची पूड बसली आहे. तरुणपणी एका कार्यालयात माझा मोठा थाट होता. बॅटरी थकली आणि मी नंदुरबारला नजीरभाईंच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर आलो. त्यांच्या लेकीने, लायबाने, मला झाडूनपुसून कामाला लावले.

लायबा माझ्यावर स्विफ्ट भाषेत प्रोग्राम लिहिते. मैदानावरचे चाळीस ढीग तिने ओळीने एका यादीत मांडले. अशा यादीला ॲरे म्हणतात. सकाळी पथारीवर काम करणारी रंजनाबाई मिरची उलटताना प्रत्येक ढीग ओला की सुका ते सांगत गेली, लायबा नोंदवत गेली. ओली मिरची पोत्यात गेली की सगळा माल काळा पडतो. आज चूक झाली तर पुन्हा वही आणि हा डबा भंगारात, असे नजीरभाईंनी बजावले होते. माझा जीव टांगणीला लागला.

दुपारी लायबाने विचारले, ओला ढीग कुठे? मी उत्तर दिले, ०. पण तोवर ती पोती शिवायची दोरी आणायला गेली होती. नजीरभाईंनी शून्य पाहिले, ओले काहीच नाही असे समजले आणि पोती भरायला सांगितली.

पहिल्याच पोत्यात रंजनाबाईचा हात ओला झाला. काम थांबले. नजीरभाई मला बंद करायला निघाले.

"अब्बा, ते खोटं नही बोलनं," लायबा धावत येऊन म्हणाली. "ते पहिल्या जागेले शून्य म्हनस."

या धंद्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. बरकत म्हणतात, मग दोन, तीन.

"मन्ही बरकतले शून्य?" नजीरभाईंना फार लागले.

रंजनाबाई हात पुसत म्हणाली, "आनि पहिला सापडी गया म्हनीसन बाकीना सुका व्हई ग्यात का?"

लायबाने आपली आज्ञा पुन्हा वाचली. त्या आज्ञेत तिने मला फक्त पहिली ओली जागा विचारली होती, मीही तेवढीच सांगितली होती. मग तिने नव्याने लिहिले: यादी शेवटपर्यंत चाळ, ओली असेल ती प्रत्येक जागा गोळा कर, प्रत्येकीत एक मिळव आणि पहिलीला तिच्या नावाने हाक मार. मी उत्तर दिले, "बरकत, सात, तेवीस." रंजनाबाईने तिन्ही ढिगांत हात घातला. तिन्ही ओले निघाले.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना टाकण्याआधी एकदा नीट विचारून पाहा, आणि पहिले उत्तर मिळाले म्हणून थांबू नका. त्या संध्याकाळी नजीरभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्यावरची पूड झटकली आणि तोच माझ्यावर पांघरला. वही त्यांनी मागितली नाही.