घरभेटीचा शेरा

शरणप्पानं डावी तर्जनी आधीच पुढं धरली होती. शाईवाल्या बाईंनी बाटलीचं झाकण काही उघडलं नाही. शेजारच्या यादीवाल्याची पट्टी नावांवरून खाली खाली सरकत गेली.

३११. नागम्मा. आई.

३१२. जगदेवी. बायको, याच वॉर्डात ग्रामपंचायतीला उभी.

३१३. शेजारचं घर.

"तुमचं नाव न्हाई, फौजी."

"सात महिने झाले रिटायर होऊन. अर्ज भरलाय की."

"बॉर्डरवरच टाकलं असंल मत!" संगप्पाच्या एजंटानं मागून टोला हाणला. खोली हसली. सात महिन्यांपूर्वी याच शाळेच्या अंगणातून याच लोकांनी त्याला हार घालून उघड्या जीपमधून मिरवलं होतं.

जगदेवीविरुद्ध संगप्पाची सून उभी होती. नाव कुणी कापलं, हे वेगळं विचारायची गरज नव्हती. शरणप्पा तरातरा राजशेखर गुरुजींकडे गेला. मतदारयादीचं काम त्यांच्याकडं होतं.

"संगप्पानं कितीदा चहा पाजला, गुरुजी?"

गुरुजींनी पिशवीतून वही काढून एक पान उघडलं आणि त्याच्यापुढं सरकवलं.

*घरभेट, १४ जून. अर्जदार घरी नाही. 'लेक फौजेत हाय, देशाचं काम करायलाय.' माहिती देणार: आई. शेरा: येथे राहत नाही. अर्ज नामंजूर.*

चौदा जून. पेन्शनच्या कागदासाठी त्या दिवशी तो लातूरला गेला होता.

पोस्टमन असो, बांगडीवाली असो, दारात आलेल्या प्रत्येकाला बावीस वर्षं आई हेच सांगत आली होती. तेही मान ताठ करून.

मोजणीत बरोबरी झाली. दोनशे सात, दोनशे सात. चिठ्ठी टाकली. संगप्पाच्या सुनेची निघाली.

बाहेर फटाके वाजत होते. जगदेवी पाठमोरी बसून भाकरी थापत होती. नागम्मा उंबऱ्यात बसून कडाकडा बोटं मोडत होती.

"माझ्या लेकाचं नाव कापणाऱ्याचं वाटोळं होईल! जिभेला किडे पडतील त्याच्या! कोण हाय रे त्यो? तुला ठावं हाय, सांग की!"

जगदेवीचे हात परातीत थांबले.

"न्हाई ठावं, अव्वा," शरणप्पा आईला म्हणाला.

म्हातारीनं पुन्हा बोटं जुळवली. तो तिच्यापुढं खाली बसला. तिची बोटं, शाई लागलेलं ते एकसुद्धा, त्यानं आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवली.

"मोडू नको," तो म्हणाला.